कॉलेजचा क्वार्टरबॅक जोखताना आधी काय वजा करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, ७० टक्के पास पूर्ण करतो (दहापैकी सात फेकी साथीदाराच्या हाती पडतात), टचडाउनही (गोल रेघेपलीकडे चेंडू नेऊन मिळवलेले गुण) भरपूर आहेत, तरी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टच्या, म्हणजे कॉलेजचे खेळाडू फेरी-फेरीनं निवडण्याच्या, अंदाजांत त्याचं नाव तिसऱ्या फेरीत येतं. दुसऱ्या कॉलेजातला एक धिप्पाड मुलगा जेमतेम ५६-५७ टक्क्यांवर आहे, आणि त्याला मात्र पहिल्या दहात धरलंय. खेळाडू जोखणारी स्काउट मंडळी नेमकं बघतात काय, आणि हा अन्याय नाही का, असं तुम्ही विचारलंय.

अन्याय असूही शकतो. दरवर्षी काही मुलांवर तो होतोच. पण झाला की नाही हे नुसत्या आकड्यांवरून कळणार नाही. मी अमेरिकेत आधी हायस्कूलच्या मुलांना क्वार्टरबॅकची जागा खेळायला शिकवायचो, आणि आता बरीच वर्षं कॉलेजच्या सामन्यांची फिल्म बघून अहवाल लिहितो. या कामातून माझं एक मत पक्कं झालंय. क्वार्टरबॅकच्या नावावर दिसणारा आकडा त्याच्या एकट्याचा कधीच नसतो. त्यातून नियमांनी दिलेली सूट वजा करायची, प्रशिक्षकाची आखणी वजा करायची, भोवतालच्या खेळाडूंचा वाटा वजा करायचा. मग जे हाती राहील ते त्या मुलाचं. काही वेळा हा हिशेब उलटाही होतो, म्हणजे मुलगा त्याच्या आकड्यापेक्षा मोठा निघतो, कारण तो दुबळ्या संघाचं ओझं वाहत असतो.

नियमांपासून सुरुवात करतो, कारण टीव्हीवर सामने बघणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही. कॉलेज आणि एनएफएल हा एकच खेळ वाटतो, पण मैदानावरच्या रेघाच वेगळ्या आहेत. मैदानाच्या मधोमध ज्या दोन तुटक रेघा असतात, ज्यांच्या आत किंवा ज्यांच्यावर चेंडू ठेवून पुढचा डाव सुरू होतो, त्या हॅश मार्कमधलं अंतर कॉलेजात ४० फूट आहे. एनएफएलमध्ये ते साडेअठरा फूट. म्हणजे कॉलेजात चेंडू डाव्या हॅशवर असला की उजवीकडे मैदान मोकळं पसरलेलं असतं आणि बचाव करणाऱ्यांना ते सगळं झाकता येत नाही. प्रशिक्षक नेमक्या त्या मोकळ्या बाजूला सोपे पास आखतात. एनएफएलमध्ये चेंडू जवळजवळ मधेच असतो, दोन्ही बाजू सारख्या, आणि ती फुकटची जागा नाहीशी होते.

याच रेघांचा स्काउटला एक उपयोगही होतो. डाव्या हॅशवरून उजव्या साइडलाइनजवळच्या रिसीव्हरकडे (पास झेलणाऱ्या खेळाडूकडे) टाकलेला १२ यार्डांचा आउट पास कागदावर १२ यार्डांचा असतो. प्रत्यक्षात क्वार्टरबॅक सात यार्ड मागे उभा असतो आणि चेंडूला मैदान आडवं ओलांडायचं असतं, म्हणून तो हवेतून ३५ यार्डांच्या आसपास जातो. तो पास ताठ गेला की हवेत तरंगला, रिसीव्हरवर लक्ष ठेवणाऱ्या कॉर्नरबॅकला मधे घुसायला वेळ मिळाला का, यावरून दंडाच्या ताकदीची जेवढी माहिती मिळते तेवढी ६० यार्डांच्या उंच पासवरून मिळत नाही. प्रदर्शनात सगळे टाळ्या वाजवतात ते ६० यार्डांच्या पासला. मी अहवालात आउट पासचं लिहितो.

दुसरी सूट, समोरच्याला अडवून (ब्लॉक करून) क्वार्टरबॅकला राखणाऱ्या लाइनमनची. पास टाकायच्या आधी कॉलेजात लाइनमन तीन यार्ड पुढे जाऊ शकतो, एनएफएलमध्ये एकच यार्ड. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण कॉलेजचं अर्धं आक्रमण त्यावर उभं आहे. ज्याला सगळे आरपीओ (रन-पास ऑप्शन) म्हणतात त्या डावात क्वार्टरबॅक एकाच बचावपटूकडे बघतो. तो पुढे आला तर त्याच्या डोक्यावरून पास, तो थांबला तर चेंडू धावणाऱ्याच्या पोटात. लाइनमन पुढे घुसत असल्यामुळे तो बचावपटू पार गोंधळलेला असतो. पास पूर्ण होतो, टक्केवारी वाढते, पण त्या मुलानं मैदान वाचलं, म्हणजे बचाव कसा लागलाय हे ओळखलं, असं त्यातून सिद्ध होत नाही.

म्हणून कुठलाही ७० टक्क्यांचा क्वार्टरबॅक समोर आला की मी आधी स्क्रिमेजच्या रेघेमागे (जिथून डाव सुरू होतो त्या रेघेमागे) टाकलेले सगळे पास बाजूला काढतो. स्क्रीन, बाजूला सरकवलेला चेंडू, असलं सगळं. रिसीव्हरनं तो रेघेमागे घेतला आणि ४० यार्ड पळाला, तर ते ४० यार्ड क्वार्टरबॅकच्या खात्यात जमा होतात. मग आरपीओ काढतो. उरलेल्यांपैकी दहा ते वीस यार्डांवरचे, मैदानाच्या मधल्या पट्ट्यातले पास वेगळे करतो, कारण एनएफएलमध्ये पोट त्याच पासवर भरावं लागतं. लाइनबॅकरच्या (बचावाच्या मधल्या फळीच्या) पाठीमागे आणि सेफ्टीच्या (सर्वांत मागच्या बचावपटूच्या) पुढे, तेवढ्या फटीत चेंडू बसवायचा. तुमच्या क्वार्टरबॅकचे असे पास एका सामन्यात किती आहेत ते मोजून बघा. काही नावाजलेल्या कॉलेज संघांत ते इतके थोडे असतात की निष्कर्ष काढायलाच जागा नसते, आणि मुलगा तिसऱ्या फेरीत दिसतो तो बऱ्याचदा यामुळेच. त्याला येत नाही असं कोणी म्हणत नसतं. त्यानं ते करून दाखवलेलं नसतं. रणजीत पाटा खेळपट्टीवर खोऱ्यानं धावा काढणाऱ्या फलंदाजाबद्दल आपण विचारतोच ना, की पर्थला चेंडू छातीवर आला की हा काय करेल?

आता फिल्म. टीव्हीवरचं प्रक्षेपण इथे कामाचं नाही, त्यात कॅमेरा चेंडूमागे धावतो. लागते ती वरून घेतलेली, बावीसच्या बावीस खेळाडू दिसणारी फिल्म, आणि तिच्या जोडीला मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यामागून, एंड झोनच्या मागून, घेतलेली. वरच्या फिल्मवरून कळतं की कोण मोकळा होता. मागच्या फिल्मवरून क्वार्टरबॅकचे पाय दिसतात.

एक डाव घेऊ. तिसरा डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा), आणि अजून आठ यार्ड पुढे जायचंय. स्नॅपच्या (चेंडू क्वार्टरबॅककडे देऊन डाव सुरू होण्याच्या) आधी दोन सेफ्टी खोलवर उभे दिसतात. क्वार्टरबॅक हात वर करून एका रिसीव्हरला सरकवतो; त्याच्यासोबत बचावपटू सरकला की नाही यावरून बचाव मॅन (प्रत्येकामागे एक माणूस) आहे की झोन (प्रत्येकाला एक जागा) याचा अंदाज येतो. स्नॅप होतो आणि त्याच क्षणी एक सेफ्टी खाली उतरतो. स्नॅपआधीचं चित्र खोटं ठरलं. पहिल्या पसंतीचा रिसीव्हर झाकला गेला. इथून पुढचं एक सेकंद म्हणजे माझी नोकरी. डोळे दुसऱ्या रिसीव्हरकडे गेले का? डोळ्यांबरोबर पाय फिरले का, की डोळे उजवीकडे आणि डावा पाय अजून पहिल्या रिसीव्हरच्या दिशेनं रोवलेला? चेंडू हातातून सुटला तेव्हा रिसीव्हर वळलेला होता की अजून वळायचा होता? कॉलेजात रिसीव्हर मोकळा झालेला बघून पास टाकता येतो. एनएफएलमध्ये तोपर्यंत उशीर झालेला असतो. तिथे रिसीव्हर मोकळा होणार आहे हे आधी समजावं लागतं. स्नॅपपासून चेंडू सुटेपर्यंत हे सगळं अडीच-पावणेतीन सेकंदांत उरकायचं असतं.

मी फिल्म चेंडू सुटण्याच्या क्षणी थांबवतो आणि पुढे काय झालं ते न बघता शेरा लिहितो. निर्णय बरोबर, पाय बरोबर, वेळ बरोबर, मग पास रिसीव्हरनं हातातून सोडला तरी शेरा चांगलाच राहतो. उलट तीन बचावपटूंच्या मधे आंधळा फेकलेला पास नशिबानं टचडाउन झाला तरी शेरा वाईट. ही शिस्त नसेल तर डोळा निकालामागे फरफटत जातो आणि शेवटी तुम्हीही आकडेच लिहायला लागता. शिकाऊ मुलं माझ्याकडे फिल्म बघायला बसतात तेव्हा पहिले काही आठवडे मी त्यांना निकाल दाखवतच नाही.

दबावाखालच्या डावांचा एक आकडा मात्र मी आवर्जून बघतो. अंगावर बचावपटू आला, त्या डावांपैकी कितीत क्वार्टरबॅक चेंडूसकट पाडला गेला, हे प्रमाण. अशा पाडण्याला सॅक म्हणतात, आणि लोक त्याचा दोष नेहमी ब्लॉक करणाऱ्या लाइनला देतात. पण दबाव येऊ देणं हा बराचसा लाइनचा दोष असला तरी त्या दबावाचं सॅकमध्ये रूपांतर होणं हे बऱ्याच अंशी क्वार्टरबॅकच्या हातात असतं. काही जण चेंडू वेळेत बाहेर फेकतात, काही जण अर्धं पाऊल पुढे सरकून तो टाळतात, आणि काही जण आणखी एक सेकंद मिळेल या आशेवर थांबतात. ही सवय कॉलेजातून एनएफएलमध्ये जशीच्या तशी जाते.

२०१८ चा ड्राफ्ट मी नव्या माणसाला नेहमी समजावून देतो, कारण पहिल्याच फेरीत पाच क्वार्टरबॅक आणि पाचही वेगवेगळ्या जातकुळीचे. ओक्लाहोमाचा बेकर मेफिल्ड पहिला, क्लीव्हलंड ब्राउन्सकडे. यूएससीचा सॅम डार्नल्ड तिसरा, जेट्सकडे. वायोमिंगचा जॉश ॲलन सातवा, बफेलो बिल्सकडे. यूसीएलएचा जॉश रोझन दहावा, ॲरिझोना कार्डिनल्सकडे. आणि लुइव्हिलचा लमार जॅक्सन थेट बत्तिसावा, फेरीतला शेवटचा, बाल्टिमोर रेव्हन्सकडे. पुढे एमव्हीपीचा, म्हणजे मोसमातल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा, मान मिळाला तो यांतल्या दोघांनाच, सातव्याला आणि बत्तिसाव्याला. जॅक्सनला २०१९ आणि २०२३ मध्ये, ॲलनला २०२४ मध्ये. कॉलेजात या पाचांत पास पूर्ण करण्याचं प्रमाण सर्वांत कमी होतं तेही याच दोघांचं.

आता यातून घाईनं "टक्केवारीला अर्थ नाही" असा धडा घ्यायचा मोह होतो, आणि बऱ्याच संघांनी तो घेतलाही. तो चुकीचा आहे. दोघांच्या आकड्यांतून नेमकं काय वजा व्हायला हवं होतं ते बघा.

ॲलन कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ या गावचा, शेतकऱ्याच्या घरचा. हायस्कूलनंतर मोठ्या कॉलेजांनी विचारलं नाही, म्हणून रीडली या दोन वर्षांच्या कॉलेजात खेळला आणि तिथून वायोमिंगला गेला. २०१६ मध्ये त्यानं ३,२०३ यार्ड आणि २८ टचडाउन पास टाकले. त्यानंतर त्याचा मुख्य रिसीव्हर, टाइट एंड (ब्लॉकही करणारा आणि पासही झेलणारा), धावणारा बॅक आणि सेंटर (त्याच्याकडे चेंडू देणारा लाइनमन) असे चौघेही कॉलेज सोडून गेले. २०१७ मध्ये तो १,८१२ यार्ड आणि १६ टचडाउनांवर घसरला. टक्केवारी दोन्ही वर्षी छप्पन्नच्या आसपासच राहिली. वायोमिंगची पद्धत एनएफएलच्या जवळची होती: सेंटरच्या हाताखालून चेंडू घ्यायचा, धावण्याचा बनाव करायचा आणि लांब टाकायचं. सोप्या स्क्रीननी टक्केवारी फुगवण्याची तिथे सोय नव्हती. तेव्हा त्याचे ५६ टक्के हे तुमच्या क्वार्टरबॅकच्या ७० टक्क्यांशेजारी ठेवून तुलना होत नाही.

पण त्याचा नेम खरोखर चुकायचाही. तोही फिल्मवर दिसत होता, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. प्रश्न होता तो चुकतो कसा. ॲलनच्या चुकांमध्ये ठरावीकपणा होता. जवळच्या माणसाकडेही तो पूर्ण ताकदीनं फेकायचा, पुढचा पाय जास्त लांब पडायचा आणि चेंडू वर जायचा. पाय जागेवर असले की तोच मुलगा ४० यार्डांवरच्या रिसीव्हरच्या खांद्यावर चेंडू ठेवत होता. चुकीचं कारण दिसत असेल आणि ते एकच असेल, तर ती दुरुस्त होण्याची आशा धरता येते. जो मुलगा एकदा वर, एकदा मागे, एकदा जमिनीवर, असा पाय नीट रोवूनही चुकतो, त्याच्या बाबतीत मी ती आशा धरत नाही.

आणि बफेलोनं ती दुरुस्ती करायला जे दिलं ते फार थोड्या संघांनी दिलं असतं. ब्रायन डेबल हा एकच आक्रमण-प्रशिक्षक पहिली चार वर्षं त्याच्यासोबत होता. २०१९ मध्ये लाइन नव्यानं उभी केली, जॉन ब्राउन आणि कोल बीझली हे रिसीव्हर आणले. २०२० मध्ये रिसीव्हर स्टेफॉन डिग्जसाठी ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतला निवडीचा हक्क देऊन टाकला. ॲलननं स्वतः मोसमाबाहेरचे महिने हाताची फेक नव्यानं बसवण्यात घालवले. एनएफएलमधली त्याची टक्केवारी २०१८ मध्ये ५२.८, २०१९ मध्ये ५८.८, आणि २०२० मध्ये ६९.२ झाली. मुलगा, त्याच्या चुकीची जात, प्रशिक्षक, रिसीव्हर आणि तीन वर्षांचा धीर, असं सगळं एकत्र आलं तेव्हा हे झालं.

यातला फक्त "मोठा दंड, कमी टक्केवारी" एवढाच भाग उचलून पुढचे ड्राफ्ट खेळले गेले. फ्लोरिडाच्या अँथनी रिचर्डसननं कॉलेजात फक्त १३ सामने सुरुवातीपासून खेळले होते आणि २०२२ मध्ये त्याची टक्केवारी ५३.८ होती. अंगापिंडानं असा खेळाडू क्वचित दिसतो, म्हणून इंडियानापोलिस कोल्ट्सनी २०२३ मध्ये त्याला चौथा घेतला. पहिल्या वर्षी खांद्याच्या दुखापतीनं मोसम गेला, २०२४ मध्ये टक्केवारी ४७.७ आली, आणि २०२५ चा मोसम संघानं डॅनियल जोन्सला घेऊन सुरू केला. त्या मुलाबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. त्याला अजून दोन वर्षं कॉलेजात खेळायला मिळायला हवं होतं.

जॅक्सनचं प्रकरण वेगळं, आणि माझ्या मते जास्त गंभीर. कॉलेजात ५७ टक्के, २०१६ चा हाइझमन (कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) त्याच्या नावावर, आणि तरीही त्यानं रिसीव्हर व्हावं अशी सूचना नामवंत जाणकारांनी उघडपणे केली. एनएफएल संघांचे माजी व्यवस्थापक बिल पोलियन यांच्यासारख्या ज्येष्ठ माणसानं ती केली होती आणि पुढे आपलं चुकल्याचं जाहीरपणे मान्यही केलं. ज्यांनी लुइव्हिलची फिल्म पूर्ण बघितली त्यांना दिसत होतं की प्रशिक्षक बॉबी पेट्रिनोच्या आक्रमणात हा मुलगा खरी वाचनं करतो, एका रिसीव्हरवरून दुसऱ्यावर जातो, पॉकेटमध्ये (लाइनमननी राखलेल्या जागेत) उभा राहतो. त्याचं धावणं इतकं डोळ्यांत भरायचं की लोक बाकीचं बघायला विसरले. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकनं जागा बदलावी हा सल्ला अमेरिकन फुटबॉलमध्ये जुना आहे, आणि स्काउटनं आपल्या डोळ्यांवर याचं झापड आहे का हे प्रत्येक अहवालाआधी तपासलंच पाहिजे. रेव्हन्सनी त्याच्याभोवती आक्रमण नव्यानं रचलं. २०१९ मध्ये त्यानं ३६ टचडाउन पास टाकले आणि १,२०६ यार्ड धावून क्वार्टरबॅकांचा विक्रम केला. एमव्हीपीची सगळीच्या सगळी मतं त्याला पडली.

उरलेल्या तिघांत रोझनची फेक सर्वांत देखणी होती. कार्डिनल्सनी पहिल्याच मोसमात आक्रमण-प्रशिक्षक मधेच काढला, मोसम संपताच मुख्य प्रशिक्षकही काढला, रोझन ४५ वेळा सॅक झाला, आणि वर्षभरात संघानं कायलर मरीला पहिला घेऊन रोझनला मायामीकडे पाठवून दिलं. डार्नल्ड ड्राफ्टच्या दिवशी अवघा २० वर्षांचा होता. जेट्समध्ये पहिल्या वर्षानंतर प्रशिक्षक बदलला आणि तो हरवत गेला. २०२४ मध्ये मिनेसोटात केव्हिन ओकॉनेल यांच्या हाताखाली त्याच डार्नल्डनं ३५ टचडाउन पास टाकून संघाला १४ सामने जिंकून दिले. मेफिल्डही चौथ्या संघात, टँपाला, स्थिरावला. पाचपैकी किमान तिघांची गोष्ट त्यांना कुणी घेतलं यावर फिरली, आणि हे कुठल्याही स्काउटच्या अहवालात आधी लिहिता येत नाही.

वजाबाकीचं सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणून मी जो बरोकडे बघतो. २०१८ मध्ये एलएसयू या विद्यापीठाला ५७.८ टक्के, २०१९ मध्ये ७६.३ टक्के आणि ६० टचडाउन पास. मधल्या काळात जो ब्रेडी हे प्रशिक्षक नवं आक्रमण घेऊन आले होते, आणि रिसीव्हर होते जमार चेस आणि जस्टिन जेफरसन. संशय घ्यायला भरपूर जागा. पण प्रशिक्षक वजा करा, रिसीव्हर वजा करा, तरी फिल्मवर उरतंच: पाचही रिसीव्हर बाहेर पाठवून एकटा पॉकेटमध्ये उभा असतानाची शांतता, अंगावर येणाऱ्याला न बघता टाळणं, आणि झाकलेल्या रिसीव्हरच्याही ज्या हाताशी चेंडू हवा त्याच हाताशी देणं. सिनसिनाटी बेंगल्सनी २०२० मध्ये त्याला पहिला घेतला तेव्हा घासाघीस करण्यासारखं काही नव्हतं.

इंडियानापोलिसच्या कम्बाइनबद्दल, म्हणजे ड्राफ्टआधी होणाऱ्या चाचण्यांबद्दल, थोडक्यातच सांगतो, कारण त्याचा गाजावाजा फार आणि उपयोग कमी. हाताचा पंजा मोजतात. बरोचा नऊ इंच भरला म्हणून चर्चा झाली, आणि दुसऱ्याच मोसमात त्यानं बेंगल्सना सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, नेलं. वंडरलिक ही लेखी चाचणी २०२२ पासून कम्बाइनमधून काढून टाकली. तिच्यानंतर एस-टू नावाच्या संगणकावरच्या चाचणीचा बोलबाला झाला. २०२३ मध्ये सी. जे. स्ट्राउडला तिच्यात फार कमी गुण मिळाल्याची बातमी ड्राफ्टच्या तोंडावर फुटली. ह्यूस्टननं त्याला तरीही दुसरा घेतला, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित आक्रमक तोच ठरला. मला कम्बाइनमधून दोनच गोष्टी हव्या असतात: वैद्यकीय तपासणी आणि मुलाखत. मुलाखतीत प्रशिक्षक फळ्यावर एक डाव काढून देतो, प्रत्येक खेळाडूचं काम सांगतो, मग घर, कॉलेज, भावंडं असं भलतंच बोलत बसतो. थोड्या वेळानं खडू मुलाच्या हातात देतो आणि तो डाव पुन्हा काढायला सांगतो. डाव तर बहुतेक सगळे काढतात. बचाव असा बदलला तर काय करशील, असं विचारल्यावर कोण थांबतो आणि कोण सरळ पुढे बोलत राहतो, हे बघायचं असतं.

किती सामने सुरुवातीपासून खेळला याला मी हल्ली पूर्वीपेक्षा जास्त वजन देतो. सॅन फ्रान्सिस्कोनं २०२१ मध्ये ट्रे लान्सला तिसरा घेण्यासाठी पहिल्या फेरीचे तीन हक्क मोजले. नॉर्थ डकोटा स्टेटला त्याच्या नावावर १७ सामने होते; २०२० मध्ये साथीमुळे एकच सामना झाला. ज्या मुलाला चुका करायला आणि त्या सुधारायलाच वेळ मिळाला नाही त्याला जोखणार कशावर? त्याच संघानं पुढच्याच वर्षी अख्ख्या ड्राफ्टमधला शेवटचा, २६२वा हक्क ब्रॉक पर्डीवर खर्च केला. आयोवा स्टेटला चार वर्षं खेळलेला, दंड बेताचा, पण मैदानाचा मधला पट्टा वाचायची सवय मुरलेली. पर्डीनं २०२३ च्या मोसमात संघाला सुपर बोलमध्ये पोचवलं. अर्थात अनुभवाचं वजन वयाशी ताडून घ्यावं लागतं. विद्यापीठ बदलण्याची मोकळीक वाढल्यापासून २३-२४ वर्षांचे क्वार्टरबॅक १९ वर्षांच्या बचावपटूंविरुद्ध खेळताना दिसतात, आणि त्यांची समज खरी किती आणि वयानं आलेली किती हे वेगळं काढणं अवघड झालंय.

आता तुम्ही विचारलेले ते दोघं क्वार्टरबॅक. त्यांची सगळी फिल्म बघायला तुमच्याकडे वेळ नसेल, तर प्रत्येकाचे तीनच सामने निवडा. एक, मोसमातल्या सर्वांत भक्कम बचावाविरुद्धचा. दुसरा, ज्यात त्याचा लेफ्ट टॅकल (डाव्या टोकाचा लाइनमन) किंवा पहिला रिसीव्हर दुखापतीनं बाहेर होता तो. तिसरा, ज्यात सामन्याच्या शेवटच्या पाव भागात संघ दहाएक गुणांनी मागे होता आणि पास टाकणार हे सगळ्या मैदानाला माहीत होतं. मोठ्या विजयाचा सामना घेऊ नका, त्यात काही दिसत नाही. तिन्ही सामन्यांतून फक्त तिसऱ्या डाउनचे, सात यार्डांहून जास्त हवे असलेले डाव काढा. तुमच्या ७० टक्केवाल्याचे डोळे पहिला रिसीव्हर झाकला गेल्यावर कुठे जातात ते बघा. दुसऱ्यावर जात असतील, पाय सोबत जात असतील, तर बाकीचे अंदाज काहीही म्हणोत, तो मुलगा चांगला आहे. डोळे लगेच खाली, अंगावर येणाऱ्या बचावपटूकडे वळत असतील, तर तिसरी फेरीही जास्त आहे. त्या धिप्पाड मुलाच्या बाबतीत फक्त हुकलेले पास ओळीनं लावून बघा आणि ते एकाच कारणानं हुकतात का ते तपासा.

तिसऱ्या फेरीत जाण्यानं मुलाचं नुकसान होतं ते पैशांपेक्षा सरावात. पहिल्या फेरीच्या मुलासाठी संघ आक्रमण बदलतो, सरावातले बहुतेक डाव त्याला देतो, चुकला तरी थांबतो. तिसऱ्या फेरीच्या मुलाला उरलेसुरले डाव मिळतात. रसेल विल्सन २०१२ मध्ये ७५वा, म्हणजे तिसऱ्याच फेरीत गेला होता, पण सिॲटलमध्ये पीट कॅरल यांनी त्याच उन्हाळ्यात त्याला मॅट फ्लिनच्या बरोबरीनं स्पर्धेत उतरवलं आणि पहिल्या सामन्यापासून खेळवलं. दुसऱ्या वर्षी संघ सुपर बोल जिंकला. पर्डीला संधी मिळाली ती लान्सचा घोटा आणि जिमी गरोपोलोचा पाय, दोन्ही एकाच मोसमात गेले म्हणून. तेव्हा ड्राफ्टच्या दिवशी तुमच्या क्वार्टरबॅकचं नाव कितव्या क्रमांकावर पुकारलं गेलं यापेक्षा त्या संघात आधीपासून कोण क्वार्टरबॅक आहेत, त्यांचे करार किती वर्षांचे आहेत आणि मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची किती पक्की आहे, हे आधी बघा.